हात राखून

घरखर्च कमी कसा करावा, यावरचे बहुतेक सल्ले वाण्याच्या यादीपासून सुरू होतात. डाळ थोडी कमी घ्या, तांदूळ जरा हलका आणा, साखरेला हात आवरता ठेवा. माझी पहिली हरकत या सुरुवातीलाच आहे. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी घराच्या खर्चातले साधारण ३९ टक्के खाण्यापिण्यावर जातात, ग्रामीण घराचे ४६ टक्के. इथपर्यंत कुणाला नवल वाटणार नाही. पण या आकड्यांच्या आत शिरलं की चित्र पालटतं. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी या सगळ्या धान्यांवर मिळून शहरात शंभरातले जेमतेम साडेतीन-पावणेचार रुपये खर्च होतात. दुधावर सातच्या वर. आणि तयार खाणं, पाकिटातला खाऊ, पेयं, बाहेरचं जेवण यांच्या खात्यावर साडेदहाहून जास्त. खेड्यातही हे खातं धान्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. ज्या धान्याच्या भावावरून आपण दुकानदाराशी घासाघीस करतो, शहरात त्याच्या जवळजवळ तिप्पट पैसा दुसऱ्याच वाटेने निघून जातो आणि त्या वाटेवर कुणाची नजर नसते.

या पुस्तकातली प्रकरणं स्वयंपाकघर, वीज, पाणी, कपडे, औषधं, कर्ज अशा क्रमाने लावली आहेत. ती कुठूनही वाचता येतील. त्या सगळ्यांमागची धारणा मात्र एकच आहे आणि ती इथेच सांगून ठेवते. घरातला पैसा वाचतो तो बघण्यातून, मोजण्यातून आणि काम वेळेवर करण्यातून. पोटाला चिमटा काढून जे उरतं, त्याला मी बचत म्हणत नाही. आपल्याकडे या दोन्हींना एकाच नावाने हाक मारली गेली आणि त्यात घरातल्या बायकांचं पुष्कळ नुकसान झालं.

बघण्याची सुरुवात वहीपासून होते. जमाखर्चाची वही पूर्वी बहुतेक मध्यमवर्गीय घरांत असे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, रात्री जेवणं आटोपल्यावर काढली जाणारी. आता तिची जागा फोनने घेतली असं आपण समजतो, पण फोन पैसे देतो, हिशेब ठेवत नाही. २०१६ साली यूपीआय आलं तेव्हापासून दहा-वीस रुपयांचा व्यवहारही हातातून नोट न जाता होतो. सोय मोठी आहे. पण नोट मोडताना मनात जी क्षणभराची थांबण होती ती गेली, आणि महिनाअखेरीस बँकेचं विवरण उघडलं तर कुणाकुणाच्या नावांची लांबलचक यादी दिसते. त्यातला चहा कुठला, भाजी कुठली आणि रिक्षा कुठली हे आपल्यालाच ओळखू येत नाही. म्हणून वही. वाणी, दूध, भाजी, गॅस, वीज, औषध, शाळा, प्रवास, बाहेरचं खाणं, हप्ते, देणंघेणं एवढे रकाने पुरतात. रोज रात्री लिहायचं. पहिल्या महिन्यात काहीही कमी करायचं नाही, नुसतं लिहायचं. जे घर पहिल्याच दिवसापासून खर्च तोडायला बसतं ते आठवड्यात कंटाळतं आणि वही कपाटात जाते.

वहीतून सगळ्यात आधी कळते ती वार्षिक खर्चांची गोष्ट. महिन्याचं गणित बहुतेक घरांना जमतं. घर कोलमडतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. जूनमधली शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट. गणपती. दिवाळी. विम्याचा हप्ता, घरपट्टी, लग्नसराईतले आहेर. यांतला एकही खर्च अचानक येत नाही. दिवाळी कधी आहे हे कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेलं असतं. तरीही दरवर्षी तो अचानक आल्यासारखा वाटतो आणि उसनवारी होते किंवा कार्ड पुढे येतं. या सगळ्यांची बेरीज करून तिला बाराने भागा आणि तेवढी रक्कम पगार झाल्याच्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. या पुस्तकातली एकच सूचना पाळायची झाली तर ही पाळा, असं मी सांगेन.

आता बेगमीकडे येते, कारण मराठी घराचं खरं अर्थशास्त्र तिच्यात आहे. गहू मार्च-एप्रिलात शेतातून बाहेर पडतो. नवी तूर जानेवारीपासून बाजारात येऊ लागते. लाल मिरची, हळद, चिंच यांचा हंगामही होळीच्या मागेपुढे. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे याच दिवसांत रंगतात. माल आला की भाव उतरतो आणि पावसाळ्यात, श्रावणात, सणांच्या तोंडावर चढतो. आमच्या आज्या-पणज्यांनी ही गोष्ट वाचून शिकलेली नव्हती, पण चैत्र-वैशाखात वर्षाचं धान्य भरायचं, मिरच्या वाळवून मसाला कुटून ठेवायचा, कुरडया-पापड-सांडगे घालायचे हे वेळापत्रक या चढउतारावरच बसवलेलं होतं. कोकणात आणि आगरी-कोळी वस्त्यांत याला आगोटीची खरेदी म्हणतात. त्यात सुकी मासळी मुख्य, कारण पावसात होड्या बंद. गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी होते. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला सुके मासे, मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा यांचा बाजार भरतो आणि धर्म कुठलाही असो, घराघरांत पावसाळ्याची सोय होते.

धान्य साठवायची रीतही नीट समजून घ्यावी. गहू निवडून कडक उन्हात दोन दिवस वाळवायचा, पण उन्हातून उचलून थेट कोठीत भरायचा नाही. गरम धान्य बंद डब्यात घाम धरतं आणि त्या ओलाव्यात किडे होतात. रात्रभर सावलीत पसरून पूर्ण निवू द्यायचा, मग कोठीत थराथराने सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालत भरायचा. तुरीच्या डाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळून ठेवायचं. प्रत्येक दाण्यावर पातळ थर बसतो आणि किडीला अंडी घालायला जागा मिळत नाही. वापरताना डाळ गरम पाण्याने धुतली की तेल निघून जातं. डबा उघडायचा तो कोरड्या हाताने, आणि रोजच्या वापरासाठी आठवड्याचा गहू बाहेर काढून मोठी कोठी बंदच ठेवायची.

पण बेगमी सगळ्यांनी करावी असं मी म्हणणार नाही. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत दोन खोल्यांच्या घरात पन्नास किलो गव्हाची कोठी ठेवली आणि भाद्रपदात त्यात सोंडे झाले, तर वाचलेले पैसे आणि वर थोडे कचऱ्यात गेले. तेलाची बेगमी तर करूच नये. घाण्याचं शेंगदाणा तेल उघडल्यावर काही महिन्यांत खवट होऊ लागतं. ज्या घरात जागा नाही, ऊन नाही, वाळवायला माणूस नाही, त्या घरासाठी दुसरी वाट आहे आणि तीही मराठी माणसांनीच घालून दिलेली आहे. एकत्र खरेदी. गिरणगावाच्या परिसरात, नायगावात, १९४८ साली अपना बाजार सुरू झाला तो कामगारांच्या सहकारातून. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची पद्धत मला आजही विलक्षण वाटते. शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याच्या सामानाची मागणी एकत्र नोंदवतात, माल घाऊक खरेदी होऊन संघात येतो आणि सभासदच तो आपापसांत वाटून घेतात. दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. शिवाय यादी महिन्याआधी करावी लागते, त्यामुळे समोर दिसलं म्हणून उचललं हा प्रकारच संपतो. एखाद्या सोसायटीतल्या पाच-सहा घरांनीही मिळून शेतकऱ्याकडून थेट पोतं आणलं आणि वाटून घेतलं, तर बेगमीचा फायदा मिळतो आणि साठवणीचा भार पडत नाही.

स्वयंपाकघरातली दुसरी मोठी गोष्ट इंधन. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो किती दिवस पुरतो हे किती घरांना नेमकं सांगता येईल? सिलिंडर लावला की कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करायचा, एवढं केलं तरी दोन सिलिंडरांनंतर आपली सरासरी कळते आणि एखादा लवकर संपला तर शंका घेता येते.

गॅस वाया कसा जातो, हे समजून घ्यायचं तर पाण्याकडे बघावं लागतं. उघड्या भांड्यातलं पाणी शंभर अंशांवर उकळतं आणि तिथेच थांबतं. त्याखाली आच कितीही मोठी केली तरी पाणी त्याहून तापत नाही, डाळ लवकर शिजत नाही. फक्त वाफ जास्त होते. आणि वाफ फार महाग असते. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. म्हणून उकळी फुटली की आच बारीक आणि भांड्यावर झाकण, ही आजीची शिस्त पदार्थविज्ञानाला धरूनच आहे. कुकरचंही तसंच. आत दाब धरला की पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून अन्न लवकर शिजतं. पण शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली वाफ. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा मिनिटं ठेवायचा आणि बंद केल्यावर वाफ हाताने सोडायची नाही, कारण त्या मुरण्याच्या वेळातही अन्न शिजतच असतं आणि त्याला पैसा पडत नाही. सात-आठ शिट्ट्या मोजून डाळ शिजवण्याची पद्धत कुठून रुजली कोण जाणे. तीच डाळ अर्धा तास आधी भिजवली, छोले-राजमा रात्रभर भिजवला, तर निम्म्या वेळात काम होतं. कुकरमध्ये खाली वरण, वर भात, त्यावर बटाटे अशी तीन भांडी लावण्याची आपली रीत तर एका आचेवर तीन पदार्थ करते. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ ही सरकारी संस्था १९७८ पासून हेच सांगत आली आहे. ज्योत निळी हवी; पिवळी झाली, भांड्यांची बुडं काळी पडू लागली, की बर्नरची भोकं तुंबली समजायचं. जुन्या दातांच्या ब्रशने आणि पिनेने ती साफ करायला पाच मिनिटं लागतात.

मोजमापाचा आणखी एक फायदा उरलेल्या अन्नात दिसतो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली मराठी स्वयंपाकघराला वाटी-चमच्याची मापं दिली. नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना त्यामुळे स्वयंपाक आला, हे सगळेच सांगतात. पण माणसागणिक किती तांदूळ टाकायचा हे ठरलं की ताटात आणि पातेल्यात उरतं किती, हेही आपोआप ठरतं. तांदळाच्या डब्यात एकच वाटी कायमची ठेवावी आणि तिचंच माप धरावं.

तरीही उरतंच, आणि उरलेल्याचं काय करावं हे मराठी घराला शिकवावं लागत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, उरलेल्या आमटीत वरणफळं, भाजीच्या रश्शात भिजवलेल्या पिठाचं थालीपीठ. इथे मला एका पदार्थाशी थांबायचं आहे, तो म्हणजे दोडक्याच्या शिरांची चटणी. दोडका सोलताना त्याच्या शिरा निघतात त्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. धुऊन, पुसून, बारीक चिरून थोड्याशा तेलावर मंद आचेवर परतायच्या. आधी त्या मऊ पडतात, मग हळूहळू ओल जाऊन कडेने तांबूस होतात आणि उलथन्याला खरखर लागते. तेव्हा तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसूण, हिरवी किंवा लाल मिरची टाकून सगळं कुरकुरीत होईपर्यंत परतायचं, मीठ घालून हाताने चुरायचं. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही चटणी दोडक्याच्या भाजीपेक्षा आधी संपते. दुधीच्या आणि लाल भोपळ्याच्या सालींची अशीच होते. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग किसून थालिपिठात जातो, मुळ्याचा पाला भाजीत, कोथिंबिरीचे देठ वाटणात, फणसाच्या आठळ्या उकडून किंवा रश्शात. हे गरिबीचं खाणं मानून आपण सोडून दिलं. त्यात चव आहे, चोथा आहे आणि विकत घेतलेल्या भाजीचा पूर्ण मोबदला आहे.

दुधाचं तसंच. रोज लिटरभर म्हशीचं दूध येणाऱ्या घरात नीट तापवून, निववून, साय काढून ठेवली तर महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास तूप घरचं होतं. साय आठवडाभर फ्रीजमध्ये साठवायची, मग बाहेर काढून विरजण लावायचं, दुसऱ्या दिवशी गार पाणी घालून घुसळायचं. लोणी वर येतं, खाली ताक राहतं, ते कढीला. लोणी कढवलं की तूप, आणि तळाशी राहते ती बेरी. ती साखर घालून मुलांना द्यावी किंवा पोळीच्या कणकेत मळावी. एका दुधातून साय, ताक, लोणी, तूप, बेरी निघतात. वेळ लागतो, हे खरं आहे. ज्या घरात दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात त्यांना हे झेपेलच असं नाही, आणि नाही झेपलं तर त्याचा अपराध वाटून घेऊ नये. रविवारी घुसळण्याचं काम घरातल्या पुरुषाने आणि मुलांनी केलं तर झेपतं, एवढं मात्र सांगते.

विजेच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवली तर बाकीच्या आपोआप सुचतात: दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं स्वस्त असतात, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांचा दर त्याच्या जवळपास दुप्पट, पुढे आणखी वर. म्हणजे तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात महाग युनिट असतं. ११५ युनिटं वापरणाऱ्या घराने पंधरा कमी केली तर ती महाग पंधरा कमी होतात. युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालवणं. या मापाने घरभर एकदा फिरावं. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपलं. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नव्या बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरणारा पंखा बदलला तर महिन्याला सुमारे वीस युनिटं वाचतात, आणि वरच्या टप्प्यातल्या घराला त्याची किंमत दीड-दोन वर्षांत परत मिळते. पाहुण्यांच्या खोलीतला, महिन्यातून चार वेळा लागणारा पंखा मात्र बदलू नये. तो पैसा कधीच परत येणार नाही. फ्रीज घेताना पट्टीवरच्या ताऱ्यांपेक्षा वर्षाला किती युनिटं लागतात हा तिथेच छापलेला आकडा वाचावा, कारण ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या पाच ताऱ्यांचं मोल नव्या पाचांइतकं राहत नाही. एसी २४ अंशांवर ठेवावा. प्रत्येक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो, आणि २०२० पासून नवे एसी सुरू होताच २४ वरच येतात तेही याच कारणाने. ट्यूबलाइट विझवण्यावरून मुलांवर ओरडण्यात जितका जीव आपण घालवतो त्यातला थोडा गीझरच्या बटणाकडे वळवला तर बिल दिसण्याइतकं उतरेल.

पाण्याबद्दल थोडक्यात. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी घालवतो. वायसर काही रुपयांचा असतो. आज बदला.

कपड्यांच्या प्रकरणात गोधडीवर मी बरीच पानं खर्च केली आहेत, त्यामुळे इथे आवरतं घेते. जुन्या सुती लुगड्याच्या घड्यांवर घड्या घालून, कडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत आणलेली गोधडी वर्षानुवर्षं टिकते आणि धुतल्यावर आणखी मऊ होते. आजच्या कृत्रिम धाग्याच्या साड्यांची तशी होत नाही. म्हणून कापड घेतानाच पुढचा वापर डोळ्यांसमोर ठेवावा. सुती चादर जुनी झाली की तिची पायपुसणी होतात, फडकी होतात; पॉलिस्टरची चादर फक्त कचरा होते.

दुकानात पाकीट हातात घेतल्यावर एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्यावी. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं असं नाही, आणि ‘वीस टक्के जास्त’ची चिठ्ठी डकवलेलं पाकीट शेजारच्या साध्या पाकिटापेक्षा महाग निघाल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. औषधांचं याहून महत्त्वाचं. रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. डॉक्टरांना घटकद्रव्याचं नाव लिहून द्यायला सांगावं आणि जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची, त्याच मात्रेची गोळी विचारावी. ही योजना २००८ पासून आहे आणि तिथल्या अनेक औषधांची किंमत नामांकित ब्रँडच्या निम्म्याहून कमी असते. डॉक्टरांना न विचारता गोळी बदलू नये, आणि महाग पडते म्हणून एक दिवसाआड तर मुळीच घेऊ नये.

आता कर्ज. ज्या प्रकरणाशिवाय हे पुस्तक अपुरं राहिलं असतं ते हेच. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत २०२२-२३ साली भारतीय घरांची निव्वळ आर्थिक बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास उतरली. त्याआधी दोनच वर्षं, करोनाच्या काळात, ती अकरा टक्क्यांच्या वर होती. करोनाच्या वर्षी खर्चाच्या वाटाच बंद होत्या, हे धरलं तरी या घसरणीत घरांनी काढलेल्या कर्जाचा वाटा मोठा आहे. क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. पोस्टातल्या आवर्त ठेवीवर शंभराला वर्षाचे सहा-सात रुपये मिळतात. एका बाजूला आवर्त ठेव भरत राहायची आणि दुसऱ्या बाजूला कार्डाची किमान रक्कम तेवढी भरायची, असं करणारी घरं थोडी नाहीत, आणि ती आपण बचत करतो आहोत याच समजुतीत असतात. आधी कार्ड फेडावं, पूर्ण, मग ठेव सुरू करावी. बिनव्याजी हप्त्यांविषयी तर रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते. ते प्रक्रिया शुल्कात दडवलेलं असतं. रोखीने घेतलं तर किती सूट, हा प्रश्न दुकानात विचारला की दडवलेलं व्याज बहुतेक वेळा बाहेर पडतं.

ठेवीसाठी पोस्टाचा रस्ता अजूनही भला आहे. शंभर रुपये महिन्यापासून पाच वर्षांची आवर्त ठेव सुरू करता येते, आणि १९७२ पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या बायका घरोघर फिरून ती गोळा करत आल्या आहेत. दारात दरमहा कुणी येणार आहे म्हटलं की पैसे बाजूला निघतात, हा माणसाचा स्वभाव त्या योजनेने बरोबर ओळखला. भिशीतही तीच खुबी आहे, पण ओळखीच्या चार घरांपलीकडची, कागदावर काहीच नसलेली भिशी टाळावी. त्यापेक्षा बचत गट बरा: बँकेत खातं, नोंदवही, बैठकीचा दिवस ठरलेला.

हे सगळं लिहूनही घराच्या हातात सगळं नसतं, याची मला जाणीव आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढच्या महागाईत मुंबईतल्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. तेल, साखर, रवा, रॉकेल रेशनवर नीट मिळावं ही त्यांची मागणी होती. त्या बायकांना काटकसर येत नव्हती असं कुणी म्हणेल का? चहात साखर किती कमी घालता येते हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? कमी करण्याची हद्द संपली होती म्हणूनच त्या रस्त्यावर आल्या. रेशनचं दुकान, सरकारी दवाखाना, महापालिकेची शाळा, वेळेवर येणारी बस ही चांगली असतील तर घराचा जितका पैसा वाचतो तितका कुठल्याही वहीने वाचत नाही. त्यासाठी भांडणं हाही घरखर्चाचाच भाग आहे.

आणि शेवटी जिथे हात आखडू नये त्या जागा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, दूध मुलांना, फळ सासऱ्यांना, आपल्याला चहा, ही रीत कित्येक घरांत काटकसरीच्या नावाने चालते. ती बंद करा. पालेभाजी, डाळ, शेंगदाणे, गूळ, जमत असेल तिथे अंडी, यांचे वाटे घरातल्या प्रत्येक माणसाच्या ताटात सारखे पडले पाहिजेत, आणि स्वयंपाक करणारीने सगळ्यांबरोबर बसून जेवावं. मुलांच्या दुधात पाणी वाढवू नका. आयएसआय शिक्का नसलेली वायर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. शेगडीला जोडलेली गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर तारीख छापलेली असते. पान उलटण्याआधी ती बघून या.